शेवटचा फर्मा

माझ्या स्मरणशक्तीचा मला गर्व आहे, हे आधीच सांगून टाकते. मी औषधांचं दुकान चालवते. गिऱ्हाइकाने "ती पिवळी गोळी, गेल्या वर्षी नेली होती ती" एवढं म्हटलं तरी माझा हात बरोबर त्या खणात जातो. पुस्तकांचंही तसंच. कुठलं वाक्य डाव्या पानावर होतं आणि कुठलं उजव्या, हेसुद्धा मला आठवतं. वाचनालयातले लोक मला 'टेप' म्हणतात. कौतुकाने म्हणतात, असं मी धरून चालते.

वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमतो आणि एक खेळ खेळतो. एकाने लहानपणी वाचलेलं पुस्तक न उघडता सांगायचं. ग्रंथपाल तेच पुस्तक समोर धरून बसतो आणि शेवटी चुका वाचून दाखवतो. खेळ तसा दुष्टच आहे. गेल्या खेपेला एका निवृत्त प्राचार्यांनी डोळे पुसत पुसत दहा मिनिटं एका कुत्र्याचं मरण सांगितलं. पुस्तकात कुत्रा नव्हताच. मांजर होतं, आणि तेही शेवटपर्यंत ठणठणीत. तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

ह्या वेळी पाळी माझी होती. मी नावाड्याच्या मुलीची गोष्ट निवडली. लहानपणी ते एकच पुस्तक मी इतक्या वेळा वाचलं होतं, की शेवटी त्याचा पुठ्ठा हातात आला. ग्रंथपालाने दुसऱ्या शहरातून प्रत मागवून घेतली होती, कापडी बांधणीची, अखंड.

मी सांगत गेले. नदीकाठचं घर, नावाडी बाप, आईवेगळी दहा वर्षांची मुलगी, तिच्या आखूड बाह्यांचा निळा स्वेटर, तिला चिडवणारा गिरणीवाला. ग्रंथपाल मान डोलावत होता. मग मी शेवटाला आले. बाप दूरच्या बंदरात कामाला गेलेला असतो. पूर येतो. पलीकडच्या काठावर माणसं अडकतात. मुलगी एकटी वल्ही हातात घेते आणि तीन फेऱ्यांत सगळ्यांना आणते. "'त्या दिवसापासून काठावरची माणसं तिलाच नावाडी म्हणू लागली,'" मी म्हटलं. "हे शेवटचं वाक्य. डाव्या पानावर, अगदी खाली."

ग्रंथपाल पानं पुढे-मागे करत राहिला. मग चष्मा काढून म्हणाला, "टेप, कॅसेट अडकली वाटतं."

त्याने वाचून दाखवलं. पुस्तकात बाप कुठेही कामाला जात नव्हता. तो वादळात सापडतो, गावातले लोक त्याला फळीवरून घरी आणतात, आणि तीन दिवसांनी तो डोळे उघडतो. मुलगी उशाशी उभी असते. शेवटी बापच नाव हाकतो आणि मुलगी पुढे बसून शाळेत जाते. शेवटचं वाक्य उजव्या पानावर होतं.

"माझी आवृत्ती वेगळी असणार," मी म्हटलं.

"एकदाच छापलंय हे, बाई," ग्रंथपाल म्हणाला. प्राचार्य इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी पुस्तक काखोटीला मारलं आणि तरातरा घरी आले.

आई खिडकीपाशी बसून चादरीच्या कडा चाचपत घड्या घालत होती. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. डोळे आता कामातून गेलेत, तिला उजेड तेवढा कळतो. तिने तीस वर्षं एका बाइंडिंगच्या कारखान्यात काम केलं, आणि तिच्या घड्या आजही अशा पडतात की मला माझ्या घड्यांची लाज वाटते.

"आई, आपल्याकडे नावाड्याच्या मुलीचं पुस्तक होतं ना," मी चप्पल काढता काढताच सुरू केलं. "त्याचा शेवट वेगळाच आहे! सगळ्यांसमोर तोंडावर आपटले मी."

आईचे हात चादरीवरच थांबले. "पुस्तक मिळालं तुला?"

"हे काय, आणलंय."

"अखंड?"

"अखंड."

तिने हात पुढे करून पुस्तकाचा पुठ्ठा चाचपला. मग म्हणाली, "म्हणजे कळलं तुला. बस इथे. ओरडू नकोस माझ्यावर."

मी बसले. ती जे बोलली ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण ती अडखळत, मागे-पुढे होत बोलली.

एका मोठ्या कागदावर सोळा पृष्ठं छापतात आणि तो कागद दुमडतात. त्याचा होतो फर्मा, आठ पानांचा. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. आई घड्या घालायची आणि शिवायची. तिचं वाचनही त्यामुळे फर्म्याफर्म्याने व्हायचं, आज शेवट तर परवा सुरुवात. कुठे एखादा फर्मा कमी पडला, कुठे उलटा शिवला गेला, की ती प्रत बाद. बाद प्रती कामगारांनी घरी न्याव्यात अशी तिथली पद्धत होती. माझं सगळं लहानपण अशा बाद पुस्तकांवर गेलं. जिथे पानं नसत तिथलं आई तोंडी सांगायची. हे मी साफ विसरून गेले होते. नावाड्याच्या मुलीचा शेवट मी कधी वाचलाच नव्हता. आईने सांगितला होता, आणि तो मी स्वतःच माझ्या डोक्यात छापून घेतला होता, डाव्या पानावर, अगदी खाली.

"पण त्या प्रतीतला फर्मा कमी नव्हता," आई म्हणाली. "मी काढला."

"का?"

"ते पुस्तक आलं, तेव्हा तुझ्या बाबांना जाऊन दोन महिने झाले होते."

बाबा इमारतींना रंग द्यायचे. ते परांचीवरून पडले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मला शेजारच्या काकूंकडे पाठवलं गेलं आणि परत आणलं तेव्हा घरात बाबा नव्हते. त्या दिवसाबद्दल आई कधीच बोलली नाही. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तिने भांडी घासायला घेतली, आणि पुढे मी विचारणं सोडून दिलं.

"पुस्तक तुझ्यासाठी आणायचं ठरवलं होतं," आई सांगत होती. "शेवटचा फर्मा हातात घेतला. न कापलेला फर्मा, आतलं दिसत नाही, वरचं पृष्ठ तेवढं दिसतं. त्यावर होतं, वादळात सापडलेल्या बापाला चार माणसं फळीवरून घरी घेऊन येतात. मागच्या बाजूला जाहिराती. तुझ्या बाबांनाही फळीवरूनच आणलं होतं गं. म्हटलं, हे माझ्या पोरीच्या डोळ्यांपुढे येता कामा नये. तो फर्मा मी कात्रणांच्या पोत्यात टाकला आणि बाकीचं शिवून तुला दिलं."

मी पुस्तक मांडीवर घेतलं.

"आता वाच तो," ती म्हणाली. "तेव्हा मी पळाले. तो बाप कसा गेला ते मी वाचलं नाही, तुलाही वाचू दिलं नाही. आता ह्या वयात कसली भीती? वाच मला."

पण पुस्तकातला बाप गेलाच नव्हता. आईने पंचेचाळीस वर्षं जे मरण माझ्यापासून लपवलं, ते त्या पुस्तकात नव्हतंच. घडीच्या आत, तिला न दिसलेल्या पृष्ठांवर, तो डोळे उघडत होता. हे सांगितलं तर ती म्हणेल, मी माझ्या हाताने एक जिवंत बाप पोत्यात टाकला. ती तशीच आहे. कुणाचा ग्लास फुटला तरी आधी स्वतःचा दोष शोधते.

"उद्या वाचू," मी म्हटलं.

"आज."

मी पुस्तकातला शेवटचा फर्मा उघडला. फळीपर्यंत जसं होतं तसं वाचलं. मग मी मनचं सांगू लागले. तिने माझ्यासाठी एक शेवट रचला होता, मी तिच्यासाठी दुसरा रचला तर काय बिघडलं? नावाड्याला अंथरुणावर ठेवलं, डॉक्टर आले, मुलीने हात धरला, आणि पहाटे नावाडी शांतपणे गेला. मला वाटलं, बरं जमलं.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"फर्म्यात आठ पानं असतात," आई म्हणाली. "तू तीन उलटलीस आणि माणूस मारून मोकळी झालीस. उरलेल्या पाच पानांवर काय छापलंय, सगळ्या जाहिराती?"

तीस वर्षं जिने बोटांनी पानं मोजली, तिला कानांनी मोजता येणार नाहीत असं मला का वाटलं, देव जाणे. माझा चेहरा तिला दिसत नव्हता हे बरं होतं.

मग मी खरं वाचलं. तिसऱ्या दिवशी नावाडी डोळे उघडतो. तो मुलीकडे बघून विचारतो, "नाव बांधलीस का?" मुलगी म्हणते, "बांधली." तो म्हणतो, "मग रडतेस कशाला?"

आईने माझं मनगट धरलं. "उठला?"

"उठला."

"परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती लहान मुलासारखी रडली. "म्हणजे मी त्याला उगीच मारला," ती म्हणाली. "तुला एक तरी उठलेला दिसला असता."

मला राग आला नव्हता असं नाही. वाचनालयातून निघाले तेव्हा तर मी रागाने फणफणत होते. पण तिला रडताना पाहिलं आणि एक गोष्ट मला लख्ख कळली. "आई, ऐक," मी म्हटलं. "नऊ वर्षांच्या मला हा उठलेला बाप वाचायला मिळाला असता, तर मी पुस्तक भिंतीवर आपटलं असतं. म्हटलं असतं, ह्यांचा उठतो, मग आमचा का नाही? तुझ्या शेवटातली मुलगी वल्ही घेऊन निघाली ना, तिच्या मागोमाग मी चालले. दुकान काढलं तेव्हासुद्धा तीच डोक्यात होती. ते बाईंडरने सांगितलं की लेखकाने, मला काय करायचंय?"

"बाईंडर म्हणे," आई नाक पुसत म्हणाली. "कुणी ऐकलं तर नोकरी जायची माझी."

आम्ही दोघी हसलो. ऊन खिडकीतून सरकून तिच्या मांडीवरच्या चादरीवर आलं होतं. मी पुस्तक बाजूला ठेवलं. चहा टाकायला उठणार, तेवढ्यात ती बोलली, मी काही न विचारता.

"त्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, हिला उठवू का? कामाला लवकर जायचं होतं त्यांना. मी म्हटलं, झोपू दे, रात्री खोकत होती." तिने चादरीची कड बोटांत धरली. "मी म्हटलं झोपू दे. नाहीतर तू उठली असतीस, बोलली असतीस त्यांच्याशी. तेवढ्यासाठी मी तुला कधी काही सांगितलं नाही. तोंड नव्हतं मला."

"मग? ते तसेच गेले?"

"दारापर्यंत गेले. मग डबा तिथेच ठेवून परत आले. तुझ्या पायांवर पांघरूण घातलं, थोडा वेळ उभे राहिले, आणि गेले."

मी डोकं ताणून ताणून आठवून पाहिलं. ती खोली, ती सकाळ, पांघरुणाचा रंग. काही म्हणजे काही आठवेना. आठवणार कुठून, मी झोपेत होते.

"माझे पाय उघडे होते?" मी विचारलं.

"नेहमीच असायचे," आईने माझा हात चाचपत हातात घेतला. "म्हणायचे, ह्या पोरीला पांघरूण पुरतच नाही. रोज घालायचे. तू झोपलेली असायचीस, तुला कसं माहीत असणार?"