छातीविकार मंडळाची पाटी

मित्रांनो, मी नगरच्या एका दवाखान्याच्या दारावरची जुनी पत्र्याची पाटी आहे. आता गंजले, पण एके काळी माझा थाट बघण्यासारखा होता. ‘जिल्हा क्षयरोगतज्ज्ञ मंडळ’ ही माझी ठसठशीत अक्षरे चौकातूनसुद्धा वाचता यायची.

अडचण तीच होती. माझ्याखाली कुणी उभे दिसले की गावात कुजबुज सुरू व्हायची, ठरलेली लग्ने मोडायची. मिरजगावकडची मुक्ताबाई आपल्या लेकीला, कलाबाईला, घेऊन दोनदा आली आणि मला पाहून दोनदा माघारी गेली. कलाबाईची सुपारी फुटली होती आणि खोकला काही हटत नव्हता. मला फार वाईट वाटे, पण पाटीने बोलायचे कसे?

१९७१ साली मंडळाच्या बैठकीत डॉक्टर राधाकृष्णांनी विषय काढला. “आपण दमा बघतो, न्यूमोनिया बघतो. छातीचे डॉक्टर म्हणवून घेऊ.”

मंडळातले एक म्हातारे डॉक्टर बिथरले. “ज्या नावावर हयात काढली, ते पुसायचं?”

“नाव वाचून रोगी दारातून परत जातो. तो गेल्यावर नाव राखून करायचं काय?”

ठराव झाला. रंगारी आला आणि मी ‘छातीविकारतज्ज्ञ मंडळ’ झाले. खरे सांगते, नवे नाव मला शोभून दिसले.

पुढच्याच बाजारच्या दिवशी मायलेकी आल्या. कलाबाईने मला वाचले आणि आईला आत नेले. एवढ्यात शिपाई गोरक्षनाथ सवयीने ओरडला, “टीबीवाले, तिकडं बाकावर बसा.” मंडळाने नाव बदलले होते, पण त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

साऱ्या माना वळल्या. मुक्ताबाईने लेकीचा हात धरला. “चल माघारी. तुला काय बी झालं न्हाई.”

तेवढ्यात बाकावरच्या एका बाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. ती छबूबाई होती, कलाबाईची होणारी सासू. सोयरीक मोडली, असेच मुक्ताबाईला वाटले.

पण छबूबाईने सरकून जागा केली. “बसा विहीनबाई. मलाबी त्योच रोग हाय. पाटी बदलली म्हनून आले.”

“आन् लगीन?”

“आदी आमी दोगी बऱ्या हू. सुपारी फुटलीय, ती काय पळून जाती का?”

मित्रांनो, दोघींनी वर्ष-दीड वर्ष सुया टोचून घेतल्या, खडखडीत बऱ्या झाल्या आणि लग्नही झाले. माझ्यावरचा रंग रंगाऱ्याने एका दुपारी बदलला. जिभेवरचा बदलायला माणसेच लागतात. आजारी माणसाला रोगाच्या नावाने कधी बोलावू नका. गोरक्षनाथ त्याच दिवशी शिकला. थोड्या वेळाने डॉक्टरांच्या खोलीच्या दारात येऊन त्याने हळूच हाक दिली, “कलाबाई, छबूबाई, चला आत.”