अंगठ्याखालची फीत

मित्रांनो, मी शेवटी तुटले. अगदी मधोमध, एका साध्या मंगळवारी, चहा गार होत असताना. असो. ते झालंच नाही असं समजा. मी धडधाकट आहे, माझा एकही धागा निघालेला नाही आणि मी सुरुवातीपासून सांगते.

मी एक जुनी फीत आहे. लाल रंगाची. बायबलच्या पाठीला वरून चिकटवलेली आणि पानांमधून खाली लोंबणारी खुणेची फीत. आम्ही सगळ्या बहिणी एकाच रिळातल्या. एक कुणाच्या वेणीत गेली, एक केकच्या खोक्यावर बसली. एकीला पुलाच्या उद्घाटनाला नेलं. तिथे एका मोठ्या माणसाने तिला भर लोकांत कात्रीने कापलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी टाळ्यांना घाबरते.

माझं बायबल आत्यांनी घेतलं. भाच्यांच्या आत्या, म्हणून माझ्याही. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. एकाचा आवाज दुसऱ्याला जोडून द्यायचा, हे त्यांचं काम. कामावर जाण्याआधी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बसायच्या. एका हाताशी चहा, दुसऱ्या हाताशी बायबल. एक अध्याय वाचायच्या, डोळे मिटून देवाशी दोन शब्द बोलायच्या आणि मला नव्या जागी ठेवून पुस्तक मिटायच्या. घरात पाहुणे असोत, अंगात ताप असो, "आधी वरचा कॉल, मग बाकीचे," हे ठरलेलं.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. एकदा ऑफिसात शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी वाचनात नेमकं शत्रूवर प्रीती करण्याचं पान आलं. आत्यांनी ते वाचलं, नाक मुरडलं आणि मला तिथेच ठेवलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेच पान. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. समजलं नव्हतं म्हणून नव्हे, पटलं नव्हतं म्हणून. मी तिथे इतकी राहिले की कागदावर माझा रंग उतरला. मग एका सकाळी आत्या खिडकीकडे बघून म्हणाल्या, "बरं बाबा, बोलते तिच्याशी. आता तरी गप्प बस." त्या दिवशी त्या बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी मी पुढे सरकले. मित्रांनो, या पुस्तकात पुढे सरकायला नुसते डोळे पुरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

वर्षं गेली. आत्या निवृत्त झाल्या. त्यांच्या दिवंगत भावाचे दोन मुलगे त्यांच्यासोबत राहत. मोठा भाचा लिफ्टदुरुस्तीवाला. माणसांना वर पोचवणं हा त्याचा धंदा होता, पण गच्चीच्या वरचा त्याने कधी विचार केला नव्हता. त्याची बायको, म्हणजे घरची सूनबाई, लाँड्रीत कामाला. धाकटा भाचा चष्म्याच्या दुकानात. आणि देवाची करणी अशी की याच घरात आत्यांची नजर गेली. धाकट्याने दुकानातली एकूण एक काच त्यांच्या डोळ्यांपुढे धरून पाहिली.

"पुरे रे," आत्या म्हणाल्या. "दिवाच गेलाय. काच पुसून काय होणार?"

त्या वेळी त्या ईयोबाच्या पुस्तकात मध्यावर होत्या. ईयोब म्हणजे तोच, ज्याचं सगळं गेलं आणि जो देवाला विचारत राहिला, 'का?' देवाचं उत्तर यायला थोडीच पानं उरली होती, आणि अक्षरं विझली.

आत्यांनी तिघांना बोलावून बायबल पुढे केलं. "माझ्यासाठी नको. मी पुष्कळ वाचलंय. तुम्ही प्रत्येकाने आपापलं वाचा, रोज, पहिल्या पानापासून. एक जेवला म्हणून दुसऱ्याचं पोट भरत नाही."

"हो आत्या," तिघं म्हणाले. दातांचा डॉक्टर 'रोज दोनदा घासा' म्हणतो तेव्हा आपण म्हणतो ना, तसं ते 'हो' होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आत्या बायबल मांडीवर घ्यायच्या आणि अंगठ्याने मला शोधायच्या. माझ्या अलीकडे पानांची जाडी किती, पलीकडे किती, हे चाचपायच्या. "सरकली," एवढंच म्हणायच्या.

आता खरी गंमत ऐका. सकाळी मोठ्याला घाई. पण संध्याकाळी आत्यांचा अंगठा येणार! म्हणून त्याने मला उचलून चार पानं पुढे ठेवलं आणि तो कामावर गेला. सूनबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्यांनीही इकडे तिकडे बघून मला पुढे ढकललं. मग धाकट्याने. प्रत्येकाला वाटायचं की बाकीचे दोघं मनापासून वाचतात आणि घरात पापी काय तो मी एकटाच. नोहाच्या वेळचा जलप्रलय धाकट्याने बूट घालेपर्यंत येऊन ओसरला. इस्राएल लोकांना अरण्य ओलांडायला चाळीस वर्षं लागली होती. मी बुधवारपर्यंत पलीकडे होते.

असं करता करता मी प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाच्या, शेवटच्या पानावर पोचले. नेमके तेव्हा चर्चचे पाळकसाहेब घरी आले. त्यांनी मला तिथे पाहिलं आणि रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर सांगितलं, "या घराने अख्खं बायबल वाचून काढलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला माझी बहीण आठवली.

"कुठला भाग सगळ्यात आवडला?" पाळकांनी मोठ्याला विचारलं.

"शेवट," मोठा म्हणाला. "सगळ्यांचं भलं होतं."

"सगळ्यांचं नाही होत," पाळक म्हणाले.

"म्हणजे... बहुतेकांचं," असं म्हणून मोठ्याने टाय सैल केला.

मग आत्यांचं हृदय बिघडलं. ऑपरेशन ठरलं. आदल्या दुपारी तिघं दवाखान्यात त्यांच्या खाटेपाशी बसले होते. मी उशाशी होते. आत्यांचे हात गार पडले होते. आयुष्यभर लोकांना धीर देणाऱ्या आत्या हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटतेय रे. ईयोबाला देव शेवटी काय म्हणाला, ते आठवत नाहीये. किती वेळा वाचलं होतं मी. तुमचं आत्ताच वाचून झालंय. सांगा ना कुणीतरी."

मोठ्याने सूनबाईंकडे पाहिलं, सूनबाईंनी धाकट्याकडे, धाकट्याने सलाइनच्या बाटलीकडे.

"देव म्हणाला..." मोठ्याने चादर सारखी केली. "म्हणाला, काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल."

"असं नाही म्हणाला," आत्या म्हणाल्या. "एवढं आठवतंय."

सूनबाईंना रडू फुटलं. "आत्या, मी काही वाचलं नाही हो. नुसती फीत सरकवत होते."

"तू पण?" दोघे भाऊ एकदम म्हणाले.

मित्रांनो, त्या खोलीत मला माझ्या लाल रंगाची लाज वाटली. पण आत्या रागावल्या नाहीत. "ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "तरी आज वाटलं, एखाद्याने तरी ते पान उघडलं असेल. फोन उचललेला असतो, पण पलीकडे कुणी ऐकत नसतं. ते मला आवाजाशिवाय कळायचं. आणि गणनेचं ते याद्यांचं पुस्तक इतक्या वेगाने कुणी वाचत नाही, लिहिणाऱ्यानेसुद्धा वाचलं नसेल."

"मग बोलली का नाहीस?" मोठ्याने विचारलं.

"जबरदस्तीने कॉल जोडता येत नाही रे. आता रडू नका. वाचा."

ईयोब पुस्तकात कुठे असतो, हेही तिघांना ठाऊक नव्हतं. अनुक्रमणिका पाहावी लागली. सूनबाई अडखळत वाचू लागल्या. देव ईयोबाला एकही कारण सांगत नाही. उलट तोच विचारत सुटतो: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, बर्फाची कोठारं पाहिलीस का, रानातली बकरी कधी विते ते ठाऊक आहे का.

मोठ्याला राहवेना. "आत्या, हे काय उत्तर झालं?"

"नाही," आत्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं झालं. "पण त्याने फोन उचलला ना."

हात अजून गारच होते. पण त्यांनी हात पुढे करून मला त्या पानावर ठेवलं.

आत्या ऑपरेशनमधून परत आल्या. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण खरोखर वाचू लागला. आधी आपापलं, मग कुणीतरी एक आत्यांना मोठ्याने वाचून दाखवी. तीन माणसं तीन ठिकाणी आणि फीत एक! रोज सकाळी माझी ओढाताण. शेवटी सूनबाई लाँड्रीचा बिल्ला खुणेला ठेवू लागल्या, धाकटा चष्मा पुसायचं फडकं. मोठा मला सोडेना. तो एकाच पानावर दिवसच्या दिवस अडून बसायचा आणि वैतागून छताकडे बघायचा. संध्याकाळी आत्यांचा अंगठा मला जागच्या जागीच सापडायचा आणि त्या हसायच्या. "नाही सरकली. छान."

मग तो मंगळवार, जो झालाच नाही असं आपलं ठरलंय. सूनबाई सकाळी आत्यांना स्तोत्रं वाचून दाखवत होत्या. झिजलेली मी आत्यांच्या मुठीत, अंगठ्याखाली होते. त्यांचा हात मांडीवरून खाली गेला. मी तुटले. सूनबाईंनी पाहिलं, पण अध्याय संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. माझा खालचा तुकडा कुणी त्या मुठीतून काढून घेतला नाही. तो आत्यांबरोबरच मातीत गेला.

म्हणून हा अर्ज.

प्रति, जे कोणी संबंधित अधिकारी असतील ते. विषय: आत्यांचा उजवा अंगठा परत मिळणेबाबत. महोदय, वरील घरात आता रोज खरोखर वाचन होत असून मोठा भाचा सध्या शत्रूवर प्रीती करण्याच्या पानावर अडकलेला आहे. सदर बाब आत्यांनी स्वतः तपासणे आवश्यक आहे. अर्जदाराचा अर्धा भाग त्यांच्याकडेच असल्याने ओळख पटण्यास अडचण येऊ नये. तरी सदर अंगठा रोज संध्याकाळी, फक्त चहाच्या वेळेपुरता, या घरी पाठवण्यात यावा, ही नम्र विनंती. प्रत माहितीसाठी व तात्काळ कार्यवाहीसाठी: ज्यांच्या बायबलमधली फीत बऱ्याच दिवसांत हललेली नाही, किंवा फारच भराभर हलते आहे, असे सर्व मित्र.