उजवीकडच्या दाढा

कारखान्यात त्याला सगळे मायक्रोमीटर म्हणत आणि ते नाव घरी पोचायलाही वेळ लागला नव्हता. स्क्रू तपासणं हे त्याचं काम. हजारातले वीस उचलायचे, मापात बसले तर पेटी पुढे, नाही तर परत. दुधाने न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. कुणाच्या नुसत्या शब्दावर त्याने पेटी कधी सोडली नव्हती, मग मेहुणीच्या शब्दावर पोरीच्या दाढा कशा सोडणार?

मेहुणी दातांची डॉक्टर. थोरलीला सहाव्या वर्षी मागच्या चार पक्क्या दाढा आल्या, तेव्हा तिने आरसा घालून पाहिलं. "भावोजी, खाचा खोल आहेत, ब्रश आत पोचत नाही. आत्ताच सीलंटचा लेप लावून खाचा बुजवते. चारही दाढांचा खर्च पुढे एक किडलेली दाढ भरण्याएवढा."

"बिघडलं नाही ते दुरुस्त कशाला करायचं?"

"बिघडू नये म्हणून."

"विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो."

मग फुकट लावून देते, असं ती म्हणाली. त्यामुळे तर त्याचा संशय दुप्पट झाला. शेवटी त्याने तोडगा काढला आणि स्वतःच्याच अकलेवर खूश झाला. उजवीकडच्या दोन दाढांना लेप लावायचा, रोख पैसे देऊन. डावीकडच्या दोन तशाच ठेवायच्या. दोन वर्षांनी निकाल. तोंड तेच, खाणं तेच, ब्रश तोच, याहून चोख कसोटी कुठली?

"पोरीचं तोंड आहे ते, तुमची पेटी नाही," बायको म्हणाली. पण ऐकेल तर तो मायक्रोमीटर कसला. निदान दोन तरी वाचतील म्हणून मेहुणीने दोन दाढा घासून, सुकवून, लेप लावून निळ्या दिव्याखाली कडक केल्या. घरी येताना त्याने थोरलीला सगळं समजावलं. उजवीकडे आपण पैसे घातलेत, डावीकडे काही नाही, बघू कोण जिंकतं. तिने शहाण्यासारखी मान हलवली.

दोन वर्षं गेली. धाकटीच्याही पक्क्या दाढा आल्या, तेव्हा तो दोघींना घेऊन दवाखान्यात गेला. खिशात स्वतःची बॅटरी आणि भिंग होतंच. थोरलीच्या तोंडात उजवीकडे दाढा नव्या भांड्यासारख्या. डावीकडे दोन्हींना कीड, एकीची तर खोलवर.

"निकाल स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि आपण हरलो याचंही त्याला क्षणभर बरं वाटलं. कसोटी कशी चोख उतरली होती.

मग सुई आली, मग ड्रिल. थोरलीने त्याचा अंगठा धरला तो सोडेचना. ती रडली नाही, पण डोळ्यातलं पाणी कानात ओघळत होतं. त्याची सगळी हुशारी तिथेच उतरली. लाज वाटली त्याला. एवढ्याशा लेपासाठी आपण पोरीला सुईखाली आणलं.

चूळ भरून झाल्यावर थोरली बधिर ओठाने म्हणाली, "मावशी, चॉकलेटं मी सगळी डावीकडूनच खाल्ली."

"का गं?"

"उजवीकडे बाबांनी पैसे घातले होते ना. वाया गेले असते."

मेहुणीने तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि खुर्चीचा हात धरून हसत सुटली. बापाची लेक शोभत होती. "संपलं, भावोजी. कसोटी बाद. उजवी बाजू लेपाने वाचली की चॉकलेटं न मिळाल्याने, आता कोण सांगणार? धाकटीवर पुन्हा घ्यायची का? या खेपेला डावीकडे लेप लावू."

त्याने अंगठ्याकडे पाहिलं. थोरलीच्या नखांच्या चार खुणा तिथे अजून लाल होत्या. त्याने धाकटीला उचलून खुर्चीत बसवलं.

"चारही," तो म्हणाला.

"पुराव्याशिवाय?"

"पुराव्याशिवाय."

धाकटीने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. "मग मी चॉकलेट कुठल्या बाजूने खायचं?"

"दोन्हीकडून," तो म्हणाला. "आणि अर्धं ताईला द्यायचं. ती उजवीकडून खाईल."