चंद्रिकेचं पारडं

मी तराजू बोलतोय, वळसंगच्या राजशेखरच्या भुसार दुकानातला. किराण्यातल्या चिमुकल्या तागडीशी माझी गल्लत करू नका. सोलापुरातल्या लोहाराने माझी दांडी घडवली, साखळ्यांना लाकडी पारडी लावली आणि उभी हयात मी ज्वारीची पोती तोलली. मग दुकानात आकडे चमकवणारा काटा आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांजवळ झाली.

वर्षातून एक दिवस मात्र मला पुसून देवळात न्यायचे. शेजारच्या रत्नम्माची नात चंद्रिका दिवस भरायच्या आधीच जन्मली, ओंजळीत मावेल एवढी. "पोर जगू दे, बारा वर्सं गुळानं तोलीन," असा आज्जीने नवस केला. पहिल्या वाढदिवसाला एका पारड्यात चंद्रिका, दुसऱ्यात गुळाची ढेप. ढेपच जड! राजशेखरने ती फोडून निम्मी उतरवली, तेव्हा रत्नम्माने डोळ्यांना पदर लावला.

पुढे पोर अंगाने छान भरली. दरवर्षी गूळ वाढायचा. राजशेखर पायरीवरून ओरडायचा, "चार ढेपा!" आणि तेवढा गूळ गावभर वाटला जायचा. चंद्रिका साखळ्या धरून झोके घ्यायची, "औंदा किती, मामा?" म्हणत खिदळायची. ते हसू मी वर्षभर पुरवून पुरवून वापरायचो.

गेल्या वर्षी पाच ढेपा झाल्या आणि शाळेत तिचं नावच 'ढेप' पडलं. ज्यांनी हात पसरून गूळ खाल्ला, त्याच पोरांनी ठेवलं. ती पोरं दुकानात गोळ्या घ्यायला आली की म्हणायची, "ढेपंला लंगडीत घिऊ नका रं, जमीन हादरतीया." पोरांना काय बोल लावू? आकडा तर मीच पुरवला होता. चंद्रिकेने दुकानाची पायरी चढणं सोडलं.

यंदा बारावं वर्ष, शेवटचं. ती येते की नाही, याचीच मला धास्ती. आली, पण मान खाली घालून. साखळ्यांना हात न लावता अंग चोरून बसली. समोर अंदाजाने पाच ढेपा होत्या. तिचं पारडं वर गेलं. राजशेखरने एक ढेप उतरवली, तिच्या जागी अर्धीच ठेवली.

"साडेचारच?" रत्नम्मा चपापली. "डब्यातली भाकर खात न्हाईस व्हय गं?"

माझा काटा मधोमध थांबला तशी चंद्रिका हळूच हसली. बारा वर्षांत तिचं हसू पहिल्यांदाच माझ्या जिवाला लागलं.

गूळ वाटता वाटता संपला. रांगेत शेवटी होती तिची धाकटी बहीण, चन्नम्मा. रिकामं ताट पाहून तिचा चेहरा पडला. "अक्का, मागल्या साली तू लई चांगली होतीस की. सगळ्यांस्नी पुरली होतीस."

चंद्रिकेचा हात ताटावरच राहिला. मग बहिणीचं बोट धरून ती पायऱ्या उतरली आणि खाली पोचल्यावर तिने एकदाच वळून माझ्याकडे बघितलं.

नवस फिटला. मी पुन्हा मागच्या खोलीत आहे. आता मला कुणी देवळात नेणार नाही आणि तिची आठवण काही जात नाही.

चंद्रिके, एकदा सहज ये. पोट भरून जेवून ये. माझ्या पारड्यात बस आणि समोरचं रिकामंच राहू दे. समोर काही नसलं की मला वजन सांगता येत नाही, पोरी. नुसतं तुला मांडीवर घेता येतं.