दोन मिनिटांचे आश्वासन

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला पहिली पाच मिनिटे फारशी जड जात नाहीत. त्यानंतरची जातात. यावर आमच्या धंद्यात एक उपाय पूर्वापार चालत आलेला आहे. दुरुस्तीस गेलेल्या मनुष्याने बंद दाराला तोंड लावून मोठ्याने सांगावयाचे, "घाबरू नका, दोन मिनिटांत काढतो!" मग प्रत्यक्षात अर्धा तास लागो वा दीड, आत जाणारा शब्द दोन मिनिटांचाच. ज्या वस्तादाच्या हाताखाली मी शिकलो, त्यांनी माझ्या हाती पाना देण्यापूर्वी हे वाक्य दिले होते. चौदा वर्षे मी ते निष्ठेने उच्चारीत आलो.

माझी व माझ्या पत्नीची पहिली भेट अशाच एका दाराच्या दोन बाजूंनी झाली. ती चष्म्याच्या दुकानात कामास होती आणि चौथ्या व पाचव्या मजल्याच्या मध्ये एक्केचाळीस मिनिटे अडकली होती. दार उघडल्यावर तिने आभार मानले नाहीत. घामाने भिजलेला चेहरा पुसत ती म्हणाली, "तेवीस वेळा दोन मिनिटं म्हणालात. मी मोजलं."

पुढे आमचा विवाह झाला. परंतु लिफ्टमध्ये तिने पुन्हा पाऊल ठेवले नाही. लिफ्टवाल्याची बायको जिन्याने जाते, अशी थट्टा शेजारी करीत. ती हसून जिना चढत असे.

तिला आठवा महिना लागला तेव्हा रुग्णालयाने होणाऱ्या आईबापांसाठी सहा शनिवारांचे वर्ग जाहीर केले. तिने मला न विचारता दोघांची नावे दिली.

"मी काय करणार तिथे? बाळंत तू होणार," मी म्हणालो.

"म्हणूनच. त्या वेळी तुम्ही दाराबाहेरून ओरडू नये म्हणून."

तिची थोरली बहीण, जिला मी ताई म्हणतो, मदतीसाठी आमच्याकडे येऊन राहिली होती. तिला या वर्गांचे हसू आवरेना. "तीन पोरं झाली मला. कुठल्या शाळेत गेले होते मी? जावईबापू, पास झालात तर दाखला भिंतीला लावा हो."

वर्ग तिसऱ्या मजल्यावरील एका लांबट खोलीत भरे. जमिनीवर चटया, टेबलावर कमरेच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा आणि त्यातून सरकवून दाखविण्यासाठी कापडाची एक बाहुली. शिकविणाऱ्या बाई चाळीस वर्षे सुईणीचे काम करून निवृत्त झालेल्या होत्या. मला चटईवर बसवत नसे. गुडघे आपोआप हलत, कान जिन्याकडे लागत आणि भिंतीपलीकडील लिफ्ट वर जाताना कोठे घासते आहे याचाच विचार मनात चाले. माझ्या शेजारी बसणारा पाववाला रात्रपाळीहून येऊन खुशाल डुलक्या घेई. त्याचा मला हेवा वाटे.

"तुम्हाला कुठे जायचंय का?" बाई मला विचारीत.

"नाही."

"मग पायांना सांगा तसं."

तथापि, हळूहळू माझे चित्त तेथे लागू लागले. कळांमधील अंतर एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत मोजावे, हे मी वहीत लिहून घेतले. पाणी गेल्यास त्याचा रंग पाहावा, हेही लिहिले. "पाणी स्वच्छ असेल तर आधी फोन करा, काय करायचं ते आम्ही सांगू," बाई म्हणाल्या. "हिरवट असलं, तर बाळाने आत शी केलेली असते. मग आंघोळ नाही, चहा नाही, सल्लामसलत नाही. थेट निघायचं." कळ कमरेत आली असता तळव्यांनी माकडहाडावर कसा दाब द्यावा, हे माझ्याच हातांनी सर्वांना दाखविण्यात आले. "हे हात पाना धरणारे आहेत, कामाचे आहेत," असे बाई म्हणाल्या तेव्हा मला भरून आले.

चौथ्या शनिवारी मात्र माझी फजिती झाली. प्रत्येक पत्नीने मुठीत बर्फ धरावयाचा आणि पतीने तिला एक मिनिट साथ द्यावयाची, असा तो पाठ होता. माझ्या पत्नीने मूठ आवळली, तिच्या भुवया जुळल्या, आणि माझ्या मुखातून शब्द बाहेर पडले, "झालंच! दोन मिनिटं!"

"अहो, पाठच एका मिनिटाचा आहे," पाववाला जागा होऊन म्हणाला. सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून माझे नाव 'दोनमिनिटे' पडले.

पत्नी हसली नाही. तिने तो बर्फ माझ्या हातात ठेवला आणि हात पुसले.

बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "किती राहिलं हे चाळीस वर्षांत मला कधी नक्की सांगता आलं नाही. तुम्हाला कुठून येणार? जे माहीत नाही ते सांगू नका. समोर दिसतंय ते सांगा. कळ चढतेय, माथ्यावर आहे, उतरतेय. एवढं पुरतं."

शेवटच्या शनिवारी एक कागद वाटण्यात आला. प्रसूतीच्या खोलीत एकच सोबती येऊ शकेल, त्याचे नाव त्यावर लिहावयाचे होते. सर्व स्त्रियांनी पतीचे नाव लिहिले. माझ्या पत्नीने पेन उघडले, थोडा वेळ धरले, बंद केले आणि कोरा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

 घरी येताच मी न राहवून विचारले, "माझं नाव का नाही लिहिलंस?"

"अजून ठरलं नाही माझं. ताईपण आहे."

"ताई तर वर्गाला एकदाही आली नाही! आणि 'झालंच' तीसुद्धा म्हणेल."

"म्हणू दे. तिचं मला काही वाटणार नाही." ती पलंगाच्या काठावर बसली होती, दोन्ही हात पोटावर. "तुम्ही म्हणालात ना, तर मी परत त्या डब्यात जाईन. कळतंय का? अंधार, आणि बाहेरून तुमचा आवाज, आणि एकही शब्द खरा नाही."

"मग मी काय करू?"

"काही करू नका हो. तेच तर तुम्हाला जमत नाही."

त्यानंतरचे सतरा दिवस मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. जेवताना उठून मी नळ तपासी. झोपताना उठून दाराची कडी. पिशवी खुंटीवर टांगलेली असे आणि तिच्यातील कागद कोराच आहे काय, हे पाहण्याचा मोह मी रोज आवरीत असे. कामावर 'दोन मि' एवढे तोंडातून निघाले की जीभ चावी. माझा जोडीदार म्हणे, "अरे, बोल की पुढे! माणूस आत घाबरलाय!"

अठराव्या दिवशी, बुधवारी, जोडीदार रजेवर होता. एका सात मजली इमारतीत दातांचे एक डॉक्टर तिसऱ्या व चौथ्या मजल्यामध्ये अडकले होते. मी मुख्य वीज बंद करून दारापाशी उभा राहतो न राहतो तोच खिशातील फोन वाजला.

"पाणी गेलं," पत्नी म्हणाली. तिचा श्वास मला ऐकू येत होता. "हिरवट आहे."

मागून ताईचा आवाज आला, "पहिलटकरीण आहेस, रात्रीपर्यंत काही होत नाही. दोन घास खा, जरा पड, मग बघू!"

"मी निघतेय," पत्नी म्हणाली. "बाईंनी सांगितलंय, थेट निघायचं. ताई येतेय सोबत. तुम्ही कधी येता?"

वाक्य जिभेच्या टोकावर येऊन उभे होते. मी दात आवळले.

"एक जण अडकलाय," मी म्हणालो. "त्यांना काढल्याशिवाय मला हलता येणार नाही. किती वेळ लागेल ते माहीत नाही."

पलीकडे दार ओढल्याचा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

ते 'बरं' रागाचे होते की समजुतीचे, हे मला आजही सांगता येणार नाही. परंतु त्या वेळी ते माझ्या छातीत खिळ्याप्रमाणे रुतून बसले.

"अहो, किती वेळ?" आतून डॉक्टर ओरडले.

"माहीत नाही, डॉक्टरसाहेब. आता मी वर मशीनच्या खोलीत जाणार, ब्रेक सोडणार आणि चाक हाताने फिरवणार. डबा हलेल. हलला तर घाबरू नका, तो मीच हलवतोय."

"माहीत नाही म्हणजे काय? तुमचाच धंदा ना हा?"

मी जिने चढून वर गेलो. चाक खाली फिरेना. डब्याच्या सुरक्षेच्या पकडीने रूळ धरून ठेवले होते, म्हणजे आधी डबा वर उचलणे भाग होते. पुन्हा चार मजले उतरून मी दाराला तोंड लावले आणि तसे सांगितले. पुन्हा चढलो. एका हाताने ब्रेकचा दांडा, दुसऱ्याने चाक. आणि प्रत्येक वेढ्यासोबत डोळ्यांसमोर तो कोरा कागद. डबा मजल्याशी आल्याचे दाखविणारी दोरावरील रंगीत पट्टी जागेवर आली तेव्हा मी धावतच उतरलो आणि तिकोनी चावीने दार उघडले. पाऊण तास झाला होता.

डॉक्टरांचा सदरा ओलाचिंब होता. ते म्हणाले, "मी माझ्या पेशंटना कायम 'झालंच, झालंच' म्हणतो. तुम्ही साधं तेवढंही म्हणाला नाहीत. फार राग आला होता मला."

"आणि आता?"

"अजून आहे. पण तुम्ही वर गेलात की मला कळत होतं, कुठे गेलात ते."

मी दुचाकीला लाथ मारली.

रुग्णालयाचा तिसरा मजला मी जिन्यानेच गाठला. प्रसूतीच्या खोलीचे दार बंद होते. दाराशी असलेल्या परिचारिकेने हात आडवा केला. "आत एकच माणूस. सोबत्याच्या नावाचा कागद आलेला नव्हता, म्हणून सोबत आलेल्या बहिणीला घेतलंय. बाळाच्या ठोक्यांवर मशीनने लक्ष ठेवलंय. लवकर आणलंत ते बरं केलंत."

आणले मी नव्हते; ती स्वतः आली होती, हे सांगण्याचे मला भान राहिले नाही.

मी दारासमोर उभा राहिलो. जन्मभर मी बंद दारांसमोर उभा राहिलेलो आहे. पण माझे म्हणावे असे माणूस दाराच्या आत असण्याचा हा पहिलाच प्रसंग. आतून ताईचा आवाज येत होता, "झालंच गं माझी बाय, झालंच, थोडंच राहिलं!" आणि पाठोपाठ पत्नीची किंकाळी, "ताई, ते म्हणू नकोस!"

मग तिचा आवाज खाली आला. "बाहेर कोण आहे? ते आले का?"

मी दाराला तोंड लावले. "आलोय. आत घेतील की नाही ते माहीत नाही. मी दारापाशी उभा आहे."

 मग ती म्हणाली, "ताई, तू बाहेर बस."

ताई बाहेर आली. अंगातील हिरवा झगा तिने काढला आणि माझ्या हातात कोंबला. तिचे डोळे पाण्याने भरले होते. "माझ्यावर ओरडली ती. माझ्यावर! कंबर दाब म्हणत होती, आणि मी डोकं दाबत बसले. जा. बघू तुमचे सहा शनिवार."

पुढील चार तासांचे वर्णन करण्यास माझ्यापाशी शब्द नाहीत. होते ते सारे तिथे खर्च झाले, आणि ते तीनच होते. चढतेय. माथ्यावर. उतरतेय. माझे तळवे तिच्या माकडहाडावर होते आणि मी तिच्यासोबत श्वास घेत होतो. पाय माझे तेव्हाही हलत होते, परंतु जागेवरच.

"अजून किती?" ती मधूनमधून विचारी.

"माहीत नाही."

"खरंच?"

"खरंच माहीत नाही."

आणि तिचे खांदे खाली येत.

शेवटी शेवटी डॉक्टरीणबाई उत्साहाने म्हणाल्या, "झालंच हं! दोन मिनिटं!" पत्नीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी नकारार्थी मान हलविली. तशा स्थितीतही तिला हसू फुटले, आणि पुढच्याच कळेने ते हिरावून नेले. त्यानंतर पंचवीस मिनिटे गेली.

मुलगी झाली. तिला उचलून कोपऱ्यातील टेबलावर नेण्यात आले. तीन पाठी तिच्यावर वाकल्या. आवाज मात्र आला नाही.

"रडत का नाही?" पत्नी म्हणाली. ती आडवी होती, तिला काही दिसत नव्हते. "अहो, ती रडत का नाही?"

चौदा वर्षांची सवय माझ्या गळ्याशी धावून आली. मी तिचा हात धरला.

"माहीत नाही," मी म्हणालो.  "नळीने तोंड साफ करताहेत. टॉवेलने पाठ चोळताहेत. मला पाय दिसतोय. निळसर आहे. आता परत नळी. आता," येथे मी टाचा उंचावल्या, "पाय हलला. पाय ओढून घेतला तिने. हातपण."

तिची नखे माझ्या मनगटात रुतली होती.  ती ऐकत होती.

मग ते रडणे आले. आधी खरखरीत, मग असे की बाहेर बाकावर बसलेल्या ताईने दार ठोठावले.

थोड्या वेळाने परिचारिका फळीला लावलेला नवा कागद घेऊन आली. "दफ्तरी लावायला सोबत्याचं नाव लागतं. तुमचा कागद आलाच नाही."

"पिशवीतलाच द्या," पत्नी म्हणाली. घडी पडून मऊ झालेल्या त्या कागदावर, छातीवर मुलगी तशीच ठेवून, तिने वेड्यावाकड्या अक्षरांत माझे नाव लिहिले. मग डोळे मिटून विचारले, "घरी कधी सोडतील?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "विचारून येतो."

"नको," ती म्हणाली. "बसा."

मी बसलो.