उजवी बाजू आधी

"उजवी बाजू आधी," अजरा म्हणाली.

खैरूनने डावीकडे नेलेला तांब्या मुकाट्याने उजवीकडे आणला. तखतावर त्यांच्याच राजिवडा मोहल्ल्यातली एक म्हातारी होती. गळ्यापासून पावलांपर्यंत चादर, आणि चादरीखाली अजराचा कापड गुंडाळलेला हात. अजराची नजर मात्र समोरच्या भिंतीवर होती. मयताला न्हाऊ घालणाऱ्या बाईने हातांनी बघायचं, डोळ्यांनी नाही, ही रीत. हातांना जे कळलं तेही पोटात ठेवायचं. चेहऱ्यावर तेज दिसलं तर तेवढं बाहेर येऊन सांगावं, बाकीचं मातीबरोबर जातं. अजराने हे काम वीस वर्षं केलं होतं आणि वीस वर्षांत तेज सोडून दुसरं काही बाहेर आणलं नव्हतं.

खैरूनचं तसं नव्हतं. बाई कामाला चोख, पण तोंडाला झाकण नाही.

"तुझ्या हाताला काय गो ह्यां?" तिने पाणी घालता घालता विचारलं. अजराने बाह्या वर सरकवल्या होत्या आणि दंडाखालचं कातडं सैल होऊन हलत होतं. "पिशवी बांधल्यासारखां दिसतां. पोटाला पण असांच हाय?"

"पाणी घाल."

"सहज विचारलां गो. कधी तरी मलाच बघायचां हाय ना!" खैरून हसली.

बोरीच्या पाल्याचं पाणी संपलं, कापराचं झालं, कफनाच्या पाचही कपड्यांच्या गाठी बांधून झाल्या. बाहेर येऊन अजरा बायकांना म्हणाली, "चेहरा छान उजळलाय." आणि घरी येऊन, दार लावून, पलंगावर बसून राहिली. खैरूनचं म्हणणं खोटं नव्हतं. मोहल्ल्यात हे काम येणाऱ्या बाया दोनच. तरण्या पोरी तखत बघूनच पळायच्या. म्हणजे अजरा गेली की तिच्या अंगावरची चादर सावरायला खैरूनच येणार.

ही गोष्ट दोन हजार सहाची. त्याच्या दोन वर्षं आधीपर्यंत अजरा अंगाने याच्या दुप्पट होती. रिक्षात ती बसली की रिक्षावाला दुसरं गिऱ्हाईक घ्यायचा नाही, आणि लग्नात तिच्यासाठी कुणी खुर्ची आणली की ती खुर्चीचे पाय आधी तपासायची. त्याचं तिला फार वाईट वाटत नसे. अक्रम, तिचा नवरा, जहाजावर होता तेव्हा म्हणायचा, "माझ्या घरात वजन हाय म्हणून लोक मला मान देतात." तो बिचारा वारला. पुढे गुडघे गेले, मग साखर निघाली. तखतापाशी वाकता येईना तेव्हा मात्र ती घाबरली. डॉक्टरांनी भात बंद करायला सांगितला. रत्नागिरीत माणसाला भात बंद करायला सांगणं म्हणजे घर सोडून जा म्हणण्यासारखंच. पण अजराने सोडला. ताटात मासा, बाजूला नाचणीची अर्धी भाकरी, आणि सकाळची नमाज झाली की भाट्याच्या पुलावरून पलीकडे आणि परत. वाटेत मच्छीवाल्या बाया हसायच्या, पुढे हसेनाशा झाल्या.

दोन वर्षांत ती निम्मी झाली. पहिल्यांदा सगळ्यांनी कौतुक केलं. मग कौतुकाचा आवाज बारीक होत गेला. "अजराला आतून काय तरी लागलांय," असं विहिरीवर ठरलं. कुणी बकऱ्याच्या पायांचं सूप आणून दिलं, कुणी दर्ग्यातलं पाणी. ज्यांना अजराने न्हाऊ घालायचं, अशा म्हाताऱ्या तिच्याकडे काळजीने बघायला लागल्या. अजरा सूप परत करत नसे, शेजारच्या मांजराला घालत असे.

पण अंग गेलं तरी कातडं राहिलं. उशी लहान आणि खोळ मोठी, तसं. पोटाची घडी मांडीपर्यंत यायची. सलवार घालताना ती घडी दोन्ही हातांनी उचलून आत कोंबावी लागे. पावसाळ्यात त्या घडीखाली कपडा ठेवला नाही तर चट्टे यायचे, चट्ट्यांना पाणी सुटायचं. आरशासमोर ती उभी राहीनाशी झाली. तिला लाज वाटायची. शेकडो बायकांची अंगं जिच्या हाताखालून गेली होती, एकीबद्दलही जिने मनात वाईट आणलं नव्हतं, तिला स्वतःच्या अंगाची किळस यायची आणि त्या किळसेची पुन्हा लाज.

खैरूनच्या तोंडाचं भय उगाच नव्हतं. पूर्वी एकदा एका बाईला दोघींनी न्हाऊ घातलं. तिच्या पाठीवर कोड होतं. जन्मभर बिचारीने ते झाकलं होतं. वर्षही झालं नाही तोच खैरूनने एका हळदीत, विडा चघळता चघळता, ते कुणाला तरी सांगितलं. बाईच्या मुलीचं दाभोळला ठरत आलेलं लग्न मोडलं. "मी काय खोटां बोलले?" एवढंच खैरूनचं म्हणणं. अजरा तिच्याशी सहा महिने बोलली नव्हती. मग मोहल्ल्यात एक मयत झाली आणि दोघींना पुन्हा एका तखताशी उभं राहावं लागलं.

अजराची मुलगी अलफिया शारजाला एका दवाखान्यात नर्स होती. ती शाळेत होती तेव्हापासून अजरा तिला म्हणायची, हे काम शिकून घे. अलफियाचं ठरलेलं उत्तर असे, "मी जित्या माणसांना न्हाऊ घालीन. मेलेल्यांचां तू बघ." आणि तसंच तिने केलं. तिच्या दवाखान्यात लोंबणारं कातडं काढून द्यायचे. म्हातारीला न्हाऊ घातलं त्या दिवशी फोनवर अजरा पहिल्यांदाच चट्ट्यांबद्दल बोलली.

"अम्मी, इतके दिवस तू हां सहन करतंस आणि मला आज सांगतंस?" अलफिया चिडली. "डॉक्टरीणबाई आमच्याच हायत, बाई माणूस हाय. तू ये."

"हौसेसाठी अंग कापून घेणां बरां नाय."

"हौस कुठची? पाणी सुटतां ना?"

अजराने मौलवींच्या बायकोकडून विचारून घेतलं. दुखण्यासाठी असेल तर हरकत नाही, असा निरोप आला. दुखणं होतंच. ते सांगताना अजरा खोटं बोलली नाही, फक्त अर्धंच बोलली. चट्ट्यांना पावडर होती. खैरूनला औषध नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर वेगळीच पंचाईत झाली. पासपोर्ट मक्केच्या उमऱ्याच्या वेळचा, म्हणजे जुन्या अजराचा. साहेबाने फोटो बघितला, समोरची बाई बघितली.

"ही कोण?"

"मीच."

"आणि तुम्ही कोण?"

"तीच."

साहेबाने दुसऱ्या साहेबाला बोलावलं. फोटोतल्या बाईची हनुवटीच सापडत नव्हती, तर जुळवणार काय? शेवटी भुवईवरचा तीळ आणि सही जुळली. "काय केलंत हो?" साहेबाने शिक्का मारताना विचारलं. "भात सोडला," अजरा म्हणाली. साहेब स्वतः पोटाने सुखवस्तू होता, त्याने पासपोर्ट लगेच पुढे सरकवला.

शारजातली डॉक्टरीणबाई सीरियाची होती, उंच, थोडी थकलेली. तिने अजराला उभं करून जांभळ्या पेनने अंगावर रेघा काढल्या. इथून इथपर्यंत काढायचं, इथे शिवायचं, कमरेभोवती एक बारीक वण राहील. अजरा भिंतीकडे बघत उभी होती. कपडा बेतताना शिंपी करतो तशा खुणा होत होत्या आणि कापड ती स्वतः होती. वण राहिला तर राहू दे, तिने ठरवलं. वणाची गोष्ट सांगायला खैरूनला फार मजा येणार नाही.

ऑपरेशनच्या सकाळी अलफियानेच तिला हिरवा झगा घातला. चाकांची गाडी आली तेव्हा अजराने विचारलं, "काढलेलां कातडां कुठे जातां?"

"जातां गो. त्याची वेगळी पेटी असते."

"पेटी कुठे जाते?"

अलफियाने झग्याची नाडी घट्ट केली. "मशिनीत. जळून जातां."

अजरा गाडीवर चढली नाही. पलंगाच्या दांड्याला धरून उभी राहिली.

"जाळतात?"

"अम्मी, तो कचरा असतो दवाखान्याचा."

"माझां अंग कचरा?"

"अंग नाय, कातडां हाय फक्त! ज्याची तुला लाज वाटते ना, तांच. त्यासाठीच आलंस ना तू हयसर?"

"लाज वाटते म्हणून जाळू? आपल्यात कापलेलां बोट पण पुरतात. सकीनाच्या बोटाचां केलां होतां की मी, तुला ठाऊक हाय." मोहल्ल्यातल्या सकीनाचं बोट गिरणीत तुटलं होतं. "नमाज लागत नाय, न्हाणां पण लागत नाय. पण गुंडाळून मातीत द्यायचां. नायतर मी चालले घरी. चट्ट्यांसकट."

अलफियाला रडू आलं. एवढी तयारी, एवढी रजा, डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून मिळवलेली तारीख. शेवटी तिने जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं, हसतील या भीतीनेच. त्या हसल्या नाहीत. "माझ्या आजोबांचा पाय आम्ही पुरला होता," त्या म्हणाल्या. "ते आठ वर्षांनी त्याच्या शेजारी गेले. पेटी माझ्या फ्रीजमध्ये ठेवते." अलफियाने ते अजराला सांगितलं. तेव्हा अजराने दांडा सोडला.

तिसऱ्या दिवशी अजरा अलफियाच्या खोलीवर आली. कमरेला रुंद पट्टा, बाजूला नळी लोंबत होती, सरळ उभं राहता येत नव्हतं. संध्याकाळी दवाखान्याचा पेशावरी ड्रायव्हर ते कातडं पुरायला त्यांना कब्रस्तानात घेऊन जाणार होता. तिथल्या रखवालदाराने कडेची जागा दाखवायचं कबूल केलं होतं. दुपारी अलफियाने कातड्याचा पांढरा, झाकणाचा डबा मोरीत आणून ठेवला आणि अजराला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

"न्हाणां लागत नाय म्हणालंस ना?"

"लागत नाय. पण औषधाचा वास येतोय. तसांच कसां द्यायचां?"

अलफियाने झाकण काढलं, पाटावर स्वच्छ पंचा पसरला आणि त्यावर ते ठेवलं. ठेवलं आणि नजर भिंतीवर नेली. अजराच्या ते लक्षात आलं.

"ह्यां कुणी शिकवलां तुला?"

"दवाखान्यात शिकवतात," अलफिया म्हणाली. मग म्हणाली, "नाय. तुझां बघून. लहान होते तेव्हा दाराच्या फटीतून बघायचे."

अजराने कमरेचा पट्टा सावरला आणि म्हणाली, "आज बघितलांस तरी चालेल. मी जिती हाय."

अलफियाने बघितलं. फिकट, सुरकुतलेलं, इतकी वर्षं लपवलेलं ते कातडं पाटावर गपगार पडलं होतं. त्यावर मधोमध एक जुना, उभा, पांढरा पडलेला वण होता.

"ह्यो कसला?"

"तुझा," अजरा म्हणाली. "सिव्हिलमध्ये काढलां तुला. तू पोटात आडवी झाली होतीस."

अलफियाचा हात पुढे गेला आणि वणापाशी थांबला. मोरीत नळाचं पाणी बादलीत पडत होतं. ती भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद केला नाही.

"तुझ्या मयताला मी येईन अम्मी," अलफिया म्हणाली. "खैरूनचाचीचां तोंड मला ठाऊक हाय, तिला हात लावू देणार नाय. फोन आला की निघेन."

"मयत कुणासाठी थांबवत नायत."

"मग तू थांब."

अजराला हसू आलं, टाके ओढले गेले, तिने पट्ट्यावर हात दाबला. अलफिया शारजाहून रत्नागिरीला पोचेपर्यंत माती होऊन जाणार, हे दोघींना माहीत होतं. जे काय करायचं ते आजच, या मोरीत.

अलफियाने नळ बंद केला. हाताला पांढरं कापड गुंडाळलं, तांब्या भरला आणि पाटापाशी उकिडवी बसली. मग अडली.

"उजवी बाजू कुठची?"

अजरा खुर्चीतून पुढे झुकली. वणाच्या एका अंगाला वाटाण्याएवढा काळा डाग होता. कुठल्याशा ईदच्या दिवशी टोपाची कड लागून भाजलं होतं ते. तिने बोटाने दाखवलं.

"ही."

अलफियाने तिथून पाणी घालायला सुरुवात केली. अजरा मागे टेकली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली.