पाच महिन्यांचा पाश

माझ्या सासूबाई महाराजांची मुलगी आहेत, हे आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. महाराजांच्या संस्थेला ठाऊक आहे, पण तिथे त्याचा उच्चार होत नाही. सासूबाईही करत नसत. मी लग्न होऊन आले तेव्हा सकाळी टीव्हीवर महाराजांचं जुनं प्रवचन लागायचं आणि त्या हातातलं काम टाकून आवाज बंद करायच्या. मला वाटायचं, डोकं दुखत असेल.

चिमी झाल्यावर त्यांनी सांगितलं. न्हाऊ घातलेल्या चिमीला टॉवेलात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "एवढीच होते मी, ते घर सोडून गेले तेव्हा."

महाराजांच्या चरित्रात यावर एकच वाक्य आहे. 'एका पहाटे महाराजांनी संसाराचे पाश तोडले.' पुढच्याच वाक्यात ते डोंगरावरच्या गुहेत पोचतात, आणि तिथून देशोदेशी.

"मी पाश," सासूबाई म्हणाल्या आणि चिमीच्या मुठीत स्वतःचं बोट दिलं. "पाच महिन्यांचा पाश. धड पालथंही पडता येत नव्हतं मला. तोडायला असे किती कष्ट पडले असतील गं?"

महाराजांच्या शिकवणीचं सार तीन शब्दांत सांगतात: दुसरा कोणी नाही. दुखावणारा आणि दुखावला जाणारा एकच, देणारा आणि घेणारा एकच. वेगळेपण हा डोळ्यांचा भ्रम. मी त्यांची पुस्तकं वाचली आहेत. खोटं कशाला बोलू, चिमीच्या वेळी दिवस जड गेले तेव्हा त्यातल्या काही पानांनी मला धरून ठेवलं. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "चांगलंच लिहिलंय," म्हणाल्या. "मीही वाचलंय. दुसरा कोणी नाही हे त्यांना गुहेत कळलं. माझ्या आईला घरातच कळलं होतं."

आईने, म्हणजे माझ्या आजेसासूने, लोकांच्या कपड्यांना काजं-बटणं करून मुलगी वाढवली. ती गेली तेव्हा महाराज परदेशात होते. संस्थेकडून हार आला, त्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'एका भाविक भगिनीस'.

महाराजांनी देह ठेवल्यावर संस्थेने, संसारात असताना ते राहत ती जुनी भाड्याची खोली विकत घेतली आणि स्मारक करायचं ठरवलं. तेव्हा संस्थेचे कार्यवाह आमच्या दारात आले. निवृत्त प्राध्यापक, अतिशय मऊ बोलणारे.

"ताई, आपल्या आठवणीचा उपयोग होईल. महाराज कुठे बसायचे, खाट कुठे होती..."

"मी पाच महिन्यांची होते," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा मी छताकडे बघत असे."

तरी त्या गेल्या. चिमीला घेऊन मीही गेले. खोली रंगवून घेतली होती, पण जमिनीच्या फळ्या तशाच होत्या. खिडकीपाशी दोन लांबट खळगे पडले होते, शेजारी शेजारी, घासून गुळगुळीत झालेले. त्यांच्यावर काच बसवायचं काम चाललं होतं.

"महाराज इथे ध्यानाला बसत," कार्यवाहांचा आवाज हळू झाला. "गुडघ्यांच्या खुणा. तासन् तास."

सासूबाई खाली वाकून बघत राहिल्या. मग हसायला लागल्या, अगदी पदर तोंडाला लावून.

"अहो सर, ते माझ्या पाळण्याचे आहेत! खाली वाकड्या पट्ट्या असलेला डुलता पाळणा. आई एका पायाने हलवायची आणि हाताने काजं करायची. पुढे शेजारणींची मुलंही त्यातच झोपवायची. गुडघ्याने लाकूड असं झिजेल का?"

फळीवर बसलेल्या सुताराने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. कार्यवाह आम्हाला जिन्यापाशी घेऊन आले.

"ताई, लोकांची श्रद्धा असते. कशाला मोडायची?"

"मी कुठे मोडतेय? विचारलंत म्हणून सांगितलं."

"आपली काही अपेक्षा असेल तर..."

सासूबाई थांबल्या. त्यांना काय हवं होतं ते मला माहीत होतं, कारण ते त्यांच्या कपाटात साडीच्या घडीत होतं: आईचा एकुलता एक फोटो. आई काजं करतेय, पाय पाळण्यावर, पाळण्याच्या कडेवर एक इवलीशी मूठ.

"आईचा एक फोटो आहे माझ्याकडे, तो त्या भिंतीवर लावा. खाली लिहा, महाराजांची पत्नी. बास. मग तुमचे खळगे तुम्हाला लखलाभ."

"लावू की," कार्यवाह म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला शंका आली. पण सासूबाईंचा चेहरा असा उजळला होता की मी स्वतःच फोटो संस्थेत नेऊन दिला.

उद्घाटनाच्या दिवशी त्यांनी आईची साडी नेसली. रांग रस्त्यापर्यंत होती. माणसं आत येत होती, काचेवर डोकं टेकत होती. फोटो खरंच भिंतीवर होता, मोठा केलेला, सोनेरी चौकटीत. फक्त पाळणा नव्हता. गुडघ्याच्या वरून कापला होता. आई कोणासाठी तरी शिवत बसली होती, एवढंच. खाली थेट भिंतीवर रंगवलं होतं: 'महाराजांच्या प्रथम शिष्या. यांनी हसतमुखाने त्यांना निरोप दिला.'

"केवढं मन!" आमच्या पुढची बाई डोळे टिपत म्हणाली. "आपल्याला जमेल का हो?"

सासूबाई तिला म्हणाल्या, "ती झोपली होती. सकाळी उठली तर दार उघडं."

"असं कसं?" बाई म्हणाली. "लिहिलंय ना इथे."

मी चिमीला घट्ट धरलं. सासूबाई रांगेतून बाहेर आल्या, टाचा उंचावून चौकट दोन्ही हातांनी खिळ्यावरून उचलली. कार्यवाह हसरा चेहरा न मोडता जवळ आले.

"ताई, काय करताय? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं म्हणून तर अजून तुमच्या खळग्यांबद्दल बोलले नाही."

"शिष्या म्हणजे मानच आहे की! पत्नीपेक्षा मोठा."

"मग तुमच्या घरात द्या हा मान कोणाला तरी. माझा मूळ फोटो कुठाय?"

"छापखान्यात. देतो. कड जरा... कापावी लागली."

त्या जिना उतरल्या. सबंध रस्ता चौकट छातीशी धरून चालल्या, चिमीला मी धरलं होतं तशी. मूळ फोटो नंतर पाकिटातून आला, आई होती, मूठ नव्हती. कापलेला तुकडा छापखान्यातही सापडला नाही.

मागच्या आठवड्यात चिमीला लस टोचून परतताना मी तिकडे डोकावले. खिळा तसाच, भिंतीवरचा मजकूर तसाच, वर रिकामी जागा. माहिती सांगणारी मुलगी लोकांना म्हणत होती, "इथे मुद्दाम काही ठेवलेलं नाही. दुसरा कोणी नाही, हा महाराजांचा संदेश ही भिंत देते." आणि माणसं त्या रिकाम्या भिंतीला हात जोडत होती.

घरी आले तर सासूबाईंनी चिमीला हातातून घेतलं, दंडावरचा फुगवटा बघितला, फुंकर घातली.

"त्या वाटेने आलीस?"

"हो."

"काय लावलंय मग तिच्या जागी?"

"काही नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "निदान तेवढी तरी लाज."